नखाची रेघ

माह्या फ्रीजात मासोळीचे खवले आहेत. वरच्या बरफाच्या खणात, घट्ट झाकणाच्या डब्यात, अन् वरून सुनेची ताकीद, "आई, हा डबा उघडू नका." आता मले सांगा, घरच्या बाईले तिच्याच फ्रीजातला डबा उघडू नको म्हणणारी सून कोणाले चालन? पहिल्या दिवशी माह्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी डबा उघडलाच. उघडला अन् तसाच लावला. मंग दोन्ही खिडक्या उघडून बसली.

मोनिका माही सून, माह्या पोराची, धर्मेंद्रची बायको. माहेर एकोडीचं, धानवाल्या शेतकऱ्याचं. तिचे वडील यादोराव. उन्हाळ्यात गावच्या तलावाचं पाणी उतरलं अन् मासोळ्या काढल्या, की काठावर जे खवले लोक फेकून देतात, ते हा माणूस वेचते, धुते, बरफात घालते अन् मोहाडीले आमच्या घरी आणून देते. लोकाईचे व्याही आंबे घेऊन येतात, आमचे खवले घेऊन येतात. सुरुवातीले त्या थैलीत काय आहे, हे मी गल्लीत कोणाले सांगत नव्हती.

ही पोरगी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात पीएचडी करून राहिली. रोज सकाळी बसनं जाते, दिवेलागणीले येते. मी एकदा तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काय व, हे खवले शिजवून कोणाले खाऊ घालून राहिली तू?"

हसली. म्हणे, "आई, माणसाच्या अंगातली पेशी काढून काचेच्या बशीत ठेवली, तं ती जगत नाही. तिले धराले काही लागते. अंगात जे धरून ठेवते, त्याले कोलाजेन म्हणतात. ते चामडीत राहते, हाडात राहते, अन् मासोळीच्या खवल्यातही राहते. मी ते खवल्यातून काढते अन् बशीले त्याचा पातळ हात देते. मंग पेशीले वाटते, आपण घरीच आहो. ती पाय रोवते, पसरते, वाढते."

"अन् वाढून करते काय?"

"पुढे कधी जळालेल्या माणसासाठी चामडी वाढवाची झाली, तं तिले बसाले जागा लागन नं, आई. बाहेरून जे कोलाजेन येते, ते उंदराच्या शेपटीचं राहते. आपल्या तलावाच्या मासोळीचं काहून नाही?"

उंदराची शेपटी ऐकून माह्या अंगावर काटा आला. त्यापेक्षा मासोळी बरी बाप्पा. त्या दिवसापासून मी तो डबा माह्याच हातानं नीट सरकवून ठेवू लागली.

आमचं घर कोष्ट्याचं. माग आहे, अजून चालते. आमचा बुढा, माहा नवरा चंद्रभान, साऱ्या मोहाडीत पाजणीसाठी नावाजलेला. पाजणी म्हणजे काय, हे आता नव्या लोकाईले सांगावं लागते. मागावर चढवाच्या आधी ताण्याचं सूत गल्लीत लांब ताणून धराचं अन् त्याले तांदळाची खळ लावाची. एका बाजूनं एक माणूस कुंचा ओढते, दुसऱ्या बाजूनं दुसरा. खळ जाड झाली तं वाळून झडते, पातळ झाली तं सूत मागावर तटातट तुटते. वाळली की बुढा ताण्यावरून अंगठा फिरवते अन् एका जागी नखानं खरवडून पाहते. भुगा पडला, की समजाचं, सारी मेहनत वाया. नाही पडला, तं बुढा स्वतःशीच एकच शब्द म्हणते, "बसली."

अन् तोही कधी म्हणते? दुसऱ्याच्या पाजणीले तं मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकलाच नव्हता. लोक ताणा दाखवाले आणत, आशेनं तोंडाकडे पाहत. बुढा अंगठा फिरवे, खरवडे, मान हलवे अन् चहा मागे. एवढा खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही, अन् मी तं त्याच्यासोबत सारा जन्म काढला.

मोनिकाच्या कामात बुढ्याचा जीव गुंतला, तो या पाजणीपायी. ती जेवताना सांगे, हा घास हातात धरून ऐके. पहिल्या वेळेस पेशी मेल्या, तवा यानं फट्कन म्हणलं, "खळ जाड लाव, पोरी."

"जाड लावून पाहिलं, मामाजी. वाळली की पापडी सुटते."

 सून बरोबर होती, हे त्याले समजलं. मंग म्हणे, "उन्हात वाळवून पाह."

"उन्हात तं विरघळूनच जाईन. हे काम सारं थंडीतच कराचं राहते. खवले आम्लात भिजवाचे तेही थंडीत, ढवळाचं तेही थंडीत. भंडाऱ्याचा उन्हाळा अन् हे काम, दोघाईचं वैर आहे."

पहिल्या वेळेस काय चुकलं, ते तिनंच शोधून काढलं. बशीत आम्लाचा अंश राहून गेला होता, धुणं कमी पडलं होतं. दुसऱ्या वेळेस धुणं चोख केलं, तं पेशी बसल्या अन् सकाळपर्यंत सुटून पाण्यात तरंगू लागल्या. त्या दिवशी पोरगी घरी आली, भात टाकला, वरण फोडणीले दिलं, सगळ्याईले वाढलं, अन् स्वतः न जेवता भांडी घासाले बसली. मी म्हणलं, "रडाचं असन तं रड, पण भांडी नको आपटू." तवा रडली. माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मले कोणाले तरी शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण द्याच्या कोणाले? मासोळीले?

पण तिनं तेही शोधलं. पेशी वाढवाची पेटी माणसाच्या अंगाएवढी गरम राहते. अन् मासोळी तलावातली. तिचं सारं अंग तलावाच्या पाण्याच्या हिशेबानं बनलेलं. तलाव जेवढा तापते, तेवढंच तिचं कोलाजेन सहन करते. माणसाच्या अंगाची ऊब लागली की थर ढिला पडते, अन् पेशी त्याच्यासकट सुटून येतात. मंग सारा हिवाळा ती एका खास दिव्यामागे लागली. त्या दिव्याच्या उजेडाखाली वाळलेला थर ठेवला की त्यात आतल्या आत गाठी पडतात अन् तो ऊब झेलते. उजेड कमी झाला तं गाठी पडत नाही, जास्त झाला तं थरच खराब होते. किती म्हणजे बरोबर, हे कोणी सांगाले नव्हतं. बशामागून बशा खराब करून तिनं ते हातात आणलं. मी हे पाहत होती, अन् खरं सांगते, माह्या मनात आलं, की एवढा धीर माह्यात नाही. मी कवाच ते खवले उकिरड्यावर फेकून दिले असते.

तिचे गाईड, ईश्वर सर, माणूस वाईट नाही, पण त्याईचाही धीर संपला. पेशी नागपूरहून एका मोठ्या लॅबमधून मागून आणाव्या लागत. सर म्हणले, "मोनिका, ते लोक आता शेवटचंच देणार आहेत. या वेळी पेशी टिकल्या नाहीत, तर खवल्यांचं काम बंद करू. तयार कोलाजेन मागवून दुसरा विषय घे." म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत, तिच्या बापानं काठावर बसून वेचलेले ते खवले, सारं पाण्यात.  घरात जीव सगळ्याईचा टांगणीले लागला होता.

ज्या दिवशी पेशी येणार होत्या, त्याच दिवशी बुढ्याच्या डोळ्याची तपासणी होती भंडाऱ्याले. मोनिका म्हणे, "मामाजी, तपासणी झाली की लॅबमध्ये या. माही पाजणी पाहा." बुढ्यानं नवा सदरा घातला. डोळ्याच्या डॉक्टरकडे कोणी नवा सदरा घालून जाते का? मी विचारलं, तं म्हणे, "तू चूप बस."

लॅबमध्ये गेल्यावर तिनं आम्हाले पांढरे कोट घातले, डोक्यावर कागदी टोप्या. बुढा त्यात असा दिसे, की मले हसू आवरेना. हात धुवाले लावले अन् म्हणली, "फक्त पाहा हं. काही धराचं नाही." भिताडाले लागून एक काचेचं मोठं कपाट, त्यात गाळलेली हवा सोडतात, म्हणजे धूळ येत नाही. त्यात हात घालून ती बसली. काचेच्या चिमुकल्या बशा, अन् बरफात ठेवलेली कोलाजेनची कुपी. एका बशीत तिनं थोडंसं सोडलं, बशी हातातल्या हातात अशी कलती केली, फिरवली, अन् जास्तीचं काढून घेतलं. बुडबुडा नाही, डाग नाही. हात कसा हलला, तेही दिसलं नाही.

"कुंचा नाही?" बुढा हळूच म्हणे.

"नाही, मामाजी. बशीच फिरवाची."

बुढा वाकला. ताण्याकडे पाहते तसा पाहू लागला, एक डोळा बारीक करून. त्याचा श्वास मले ऐकू येत होता. मले एवढा अभिमान वाटला, की कोणी बाहेरचं असतं, तं सांगितलं असतं, ही माही सून आहे म्हणून.

बशा वाळल्या. आता त्या दिव्याखाली ठेवाच्या, तेवढ्यात फोन आला. नागपूरची गाडी गेटवर आली होती, पेशीचा डबा सही करून स्वतः घ्यावा लागे. मोनिका पळाली. जाताना म्हणली, "मी आलीच."

आता जे झालं, ते माह्या डोळ्यासमोर झालं अन् तरी मले थांबवता आलं नाही. मी त्या उबेच्या पेटीवरचा लाल आकडा पाहून राहिली होती. वळून पाहते तं काय! बुढ्यानं कपाटाची काच वर केली होती, हात आत घातला होता, अन् बशीवरून अंगठा फिरवून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नखानं सर्र्कन रेघ ओढली होती. अन् नख डोळ्यापाशी आणून भुगा पडला का, ते पाहून राहिला होता.

"अव माय!" मी एवढ्या जोरानं ओरडली, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "काहो, हात काहून लावला? पोरगी काय सांगून गेली? अक्कल गहाण ठेवून आले का?"

बुढ्यानं हात असा मागे घेतला, जसा चटका बसला. त्याचं तोंड पांढरं पडलं. "शोभा," म्हणे, "मी नाही लावला व. हातानंच लावला." अन् हे खरं होतं. सारा जन्म ज्या हातानं वाळलेली पाजणी दिसली की खरवडली, त्या हाताले कोणी सांगाचं, की ही काच आहे म्हणून? पण मले तवा एवढा राग आला होता, की मी त्याले अजून दोन ऐकवल्या.

मोनिका डबा घेऊन आली. दारातच थांबली. माह्याकडे पाहिलं, बुढ्याकडे पाहिलं, उघड्या काचेकडे पाहिलं. बशा मोजक्याच होत्या, अन् कुपीत कोलाजेन उरलं नव्हतं. पेशी आल्या होत्या, त्या थांबणार नव्हत्या. मले वाटलं, आता ही डोकं धरून खाली बसते.

बुढा हात जोडून म्हणे, "पोरी, माह्यानं पाप झालं." सासऱ्यानं सुनेपुढे हात जोडले. हे मले पाहावलं नाही, मी तोंड फिरवलं.

"मामाजी, हात खाली करा आधी," ती म्हणली. आवाज चढला नाही. "कोणत्या बशीले लावला? बाकीच्याईले नाही नं?"

"नाही. एकीलेच."

"कुठून कुठपर्यंत ओढलं नख? दाखवा. लांबूनच दाखवा."

बुढ्यानं बोटानं हवेत रेघ ओढून दाखवली. मोनिकानं बशी उचलली, उजेडात धरली, तिरपी केली. बराच वेळ पाहत राहिली. मंग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. तिनं पेन घेतला अन् बशीच्या खालून, बाहेरून, त्या रेघेच्या दोन्ही तोंडाशी खूण केली.

"थर पुरा निघाला आहे इथला," ती स्वतःशीच म्हणली. "रेघेत कोरी काच, अन् दोन्ही बाजूले थर. एकाच बशीत." अन् मंग बुढ्याकडे वळून, "मामाजी, ही बशी मी फेकत नाही. दिव्याखाली ठेवते, त्यानं जंतूही मरतीन. मंग खरवडलेलं सारं धुऊन काढते. तरी भेव आहे. जंतू उरले, तं उद्या पाणी गढूळ होईन अन् ही बशी जाईन. बाकीच्याईले लागू नये म्हणून हिचा डबा वेगळा ठेवते."

मी म्हणलं, "अन् नाही झालं गढूळ तं?"

"तं पाहू, आई."

 तिनं आम्हाले बाहेर बाकावर बसवलं अन् काच लावून कामाले लागली. दिवा, धुणं, पुन्हा धुणं, मंग पेशी. खिडकीतून दिसे, हात एकदम शांत. मी तिच्या जागी असती, तं हातातली बशी थरथरली असती. मले वाटलं, या पोरीले देवानं काय घडवलं आहे.

घरी बुढा जेवला नाही. मागावर बसला, पण माग चालवला नाही. मी आधी रागवत होती, मंग मलेच भेव वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी मोनिका घरी आली तशी त्यानं दारातच विचारलं, "गढूळ?"

"नाही, मामाजी. नितळ आहे."

बुढ्यानं डोळे मिटले. मी देवापुढे साखर ठेवली अन् त्याले जेवाले वाढलं.

अजून एक रात्र गेल्यावर सर पाहणार होते. मोनिका म्हणे, "तुम्ही दोघं चला." बुढा नाही म्हणत होता, मी त्याले ओढत नेलं. सर मायक्रोस्कोपले डोळा लावून बसले. एक बशी पाहिली, दुसरी पाहिली. आम्ही भिताडाले टेकून उभे. बुढ्यानं दोन्ही हात पाठीमागे एकात एक घट्ट धरून ठेवले होते.

"बसलेल्या दिसतात," सर म्हणले. "पसरल्या आहेत. ऊब सहन केली तुझ्या थरानं. पण मोनिका, ही तुलनेसाठी ठेवलेली बिनथराची कोरी बशी पाहा. हिच्यातही थोड्या बसल्यात. कमी आहेत, मान्य. पण तू हिच्यात पेशी कमी सोडल्या नसतील कशावरून? कोणीही हेच विचारेल."

 एवढं करून वर हे? माही जीभ सळसळली, पण मोनिकानं माह्याकडे पाहिलंही नाही. ती पेटीपाशी गेली अन् वेगळ्या डब्यातली बशी घेऊन आली.

"सर, ही पाहा. एकच बशी. एकाच हातानं, एकाच थेंबातून सोडलेल्या पेशी. मधात एक रेघ आहे, तिच्यातला थर खरवडलेला आहे."

सर वाकले. बशी सरकवली. थांबले. पुन्हा मागे सरकवली. किती वेळ तसेच. मंग मान वर न करताच म्हणले, "ही रेघ कोणी मारली?"

 बुढाच पुढे झाला. "मी मारली जी. चुकून."

सर उठले अन् खुर्ची मागे सरकवली. "बसा, चंद्रभानजी. पाहा."

बुढा बसला. त्याच्या आधी मीच डोकं घातलं असतं, पण राहिली. तो पाहत राहिला. मंग त्याचे खांदे हलू लागले. मी घाबरून त्याले सरकवलं अन् डोळा लावला.

काय सांगू! धानाची रोवणी झालेल्या बांधीसारखं सारं भरलं होतं. पेशी हातपाय पसरून, एकमेकीले धरून, दाटीवाटीनं बसल्या होत्या. अन् मधातून एक रिकामी पांदण गेली होती, बुढ्याच्या नखाएवढी. पेशी तिच्या काठापर्यंत येऊन थांबल्या होत्या. रेघेत एखाददुसरी गोल गोल पडलेली, बस. जिथं मोनिकाचा हात होता तिथं जीव होता, अन् जिथं तो पुसला गेला तिथं काही नव्हतं. हे समजाले मले शाळा लागली नाही.

"याचे फोटो काढ, आत्ताच," सर मोनिकाले म्हणले. "अन् पुढच्या वेळी ही रेघ आपण मुद्दाम मारू, स्वच्छ सुईनं. काम चालू राहील." मंग म्हणले, "तयार कोलाजेनचं मी बोललो होतो, ते विसर."

मोनिका हसली नाही, रडली नाही. नुसती टेबलाले धरून उभी राहिली. मंग बुढ्याकडे वळली अन् एखाद्या लहान पोरीसारखं तिनं विचारलं, "मामाजी?"

बुढा खुर्चीवरून उठला. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. अन् म्हणला, "बसली, पोरी. पाजणी बसली."

तवा कुठं ती रडली.

परतताना बसमध्ये मी बुढ्याशेजारी बसली होती. मन भरून आलं होतं, अन् तरी आत काहीतरी टोचत होतं. वरठीचा थांबा गेला तशी माह्यानं राहवलं नाही. म्हणलं, "काहो, सुनेले म्हणलं ते चांगलंच केलं, तिनं कमावलंच आहे ते. पण सारा जन्म तुमच्या समोर उभी राहून मी कुंचा ओढला. ऊन नाही पाहिलं, थंडी नाही पाहिली. मले कधी एकदा म्हणलं का, बसली म्हणून?"

बुढा खिडकीबाहेर पाहत होता. म्हणे, "तुही पाजणी तं रोजच बसे. रोज कायले सांगू?"

 मी पदर डोळ्याले लावला अन् म्हणलं, "एखाद्या दिवशी तरी सांगाचं होतं."

"आता सांगितलं नं," बुढा म्हणला.